‘शॉर्ट सर्किट’च्या पुढे एक ओळ लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीने पेट घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. जळका सांगाडा, भोवती गर्दी आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ एकेचाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालण्यात गेल्यामुळे असेल, पण हे वाक्य वाचलं की माझी चिडचिड होते. माणूस गेल्यावर ‘हृदय बंद पडल्याने मृत्यू’ असं लिहावं, तसंच हे. खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याला काय कळलं? शॉर्ट कुठे झाला, कशाने झाला, त्याआधी किती महिने गाडी काय काय सांगत होती, यातलं काहीच येत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर खुशाल कापा, पण बझरबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

जुन्या गाडीचा मालक टायर बघतो, ब्रेक बघतो, वेळच्या वेळी ऑइल बदलतो. वायरिंगलाही वय होतं हे मात्र त्याच्या गावी नसतं, कारण ते सगळं पत्र्याआड आणि टेपखाली झाकलेलं. वायरवरचं आवरण बहुतेक गाड्यांत पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक, पाण्याच्या पाइपसारखं. ते वाकावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. इंजिनच्या धगीने तो वर्षानुवर्षं थोडाथोडा उडून जातो आणि मागे पुन्हा पाइपच उरतो. ढोबळ हिशेब असा की, तापमान दहा अंशांनी वाढलं की आवरणाचं आयुष्य निम्म्यावर येतं. त्यामुळे एकाच गाडीत, एकाच दिवशी बसवलेली वायर डॅशबोर्डखाली मऊ लागते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी) बोटात कडकन मोडते. पीव्हीसीच्या आधी रबर आणि त्यावर सुती विणकाम असे. ते तर हात लावला की भुगा. आणि अलीकडचं म्हणून टिकाऊ असंही नाही. १९९०च्या दशकातल्या काही महागड्या जर्मन गाड्यांत पर्यावरणाला जपणारं म्हणून वापरलेलं आवरण इंजिनवरच्या वायरिंगवरून काही वर्षांतच पापुद्रे सुटावेत तसं गळायला लागलं होतं.

आता बझर. एक गृहस्थ तीस वर्षांची गाडी घेऊन आले. तक्रार एकच : हेडलाइट पिवळे पडतात. त्यांनी आधीच बल्ब दोनदा बदलले होते, बॅटरी नवी होती, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही नवा घातला होता. आधीच्या मिस्त्रीने मीटरचा बझर, म्हणजे वायर अखंड असली की वाजणारी पिपाणी, लावून सगळी वायरिंग तपासली होती. सगळीकडे वाजला होता, म्हणजे वायरिंग ठीक, असं त्यांना सांगितलं होतं. मी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या दोन पिनांवर १०.८. वाटेत ३.१ व्होल्ट गळत होते. दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ उतरत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. एवढ्या घटीत तो निम्म्याहूनही खाली येतो. पण मला काळजी उजेडाची नव्हती. दोन बल्ब मिळून साधारण ८ अँपिअर घेत होते. ३.१ गुणिले ८, म्हणजे जवळजवळ पंचवीस वॅट उष्णता डॅशबोर्डमागे आणि बोनेटखाली, ठिसूळ झालेल्या वायरींच्या गुंत्यात रोज तयार होत होती. शोधत गेलो तेव्हा ०.९ व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगच्या (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेच्या) बोल्टवर सापडले, ०.८ दिव्याच्या स्विचमध्ये आणि उरलेले १.४ दोन कनेक्टर आणि त्यांच्यामधल्या काळ्या पडलेल्या तांब्यात.

मग बझर का वाजला? कारण बझरला फार थोडं पुरतं. बहुतेक मीटरांत तो वीस-तीस ओहमपर्यंत वाजतोच. पेटलेल्या हेडलाइटच्या बल्बचा रोध असतो अडीच-तीन ओहम. वायरचा रोध बल्बच्या दहापट झाला तरी बझर तुम्हाला ‘ठीक’ म्हणणार. शिवाय तो तपासतो सुटी, करंट नसलेली वायर. गंजलेला जोड नुसता ०.१ ओहमचा असला तरी ८ अँपिअरला पाऊण व्होल्ट खातो, आणि ०.१ ओहम साध्या मीटरवर धड दिसतही नाही. खरी तपासणी लोड असताना, म्हणजे वायरमधून करंट वाहत असतानाच होते. मीटर व्होल्टवर ठेवा, दिवे लावा, मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्हवर धरा. जो आकडा येईल तेवढा वाटेतला तोटा. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थपर्यंत. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर मी गाडी सोडतो. मीटर वापरण्याच्या या एका सवयीने किती अल्टरनेटर फुकट बदलायचे वाचले असते, हे मालकांना कुणी सांगत नाही. मीही पहिली दहा-बारा वर्षं बझरवरच विसंबून होतो, हे कबूल करतो.

अर्थिंगबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथला दोष फार चकवतो. सेल्फ मारताना इंजिनातून शंभर-दीडशे अँपिअर बॅटरीकडे परत जायचे असतात, आणि त्यासाठी इंजिन ते बॉडी अशी एक जाड विणलेली पट्टी असते. ती कुजली किंवा इंजिन उतरवल्यावर कुणी पुन्हा लावायला विसरलं, की करंट दुसरी वाट शोधतो. एका गाडीत त्याला अॅक्सिलरेटरची केबल सापडली होती. मालकाची तक्रार अशी, की सकाळी गाडी सुरू करताना जळका वास येतो आणि हल्ली पेडल जड लागतं. चार जणांनी पेडलला ग्रीस लावून दिलं होतं. सेल्फ मारायला लावून मी केबलला बोट लावलं, तो चटका अजून आठवतो.

मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला : सगळी वायरिंग नवी टाकायची का? माझं मत धंद्यातल्या पुष्कळांना पटत नाही, तरी सांगतो. बहुतेक गाड्यांना ते लागत नाही. जिथे धग तिथलं बदला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या पुढचा भाग, दरवाज्यांच्या बिजागऱ्यांपाशी दिवसातून दहादा वाकणाऱ्या वायरी, डिकीच्या झाकणाकडे जाणारा जुडगा. आतलं मऊ आणि चकचकीत असेल तर उगाच ओढू नका. हे मी चूक करून शिकलो. वर सांगितलेल्या हेडलाइटच्या गाडीत उत्साहाच्या भरात मी डॅशबोर्डमागचा सगळा जुडगा बाहेर ओढला, चिकट झालेली टेप काढली, नवी गुंडाळली आणि परत कोंबला. दिसायला सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी गृहस्थ परत दारात. गाडी डावीकडे वळवली की फ्यूज उडत होता. वर्षानुवर्षं एकाच वळणात बसलेली वायर मी सरळ केली होती, आणि आवरणाला आतून तडे गेले होते. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

हेडलाइट मात्र सुधारले. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि रिलेपासून बल्बपर्यंत नवी वायर. जुन्या स्विचवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट. तोटा ३.१ वरून ०.४ वर आला.

जोडाच्या बाबतीत वस्तादाने मला डाख द्यायला शिकवलं आणि बरीच वर्षं मी त्यालाच चिकटून होतो. पण डाख तांब्याच्या बारीक तारांमधून आत झिरपतो आणि तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो. गाडीच्या थरथरीने वायर नेमकी त्याच्या काठाशी तुटते. आता मी योग्य मापाची थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) नीट प्रेस करतो आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळून बसणारी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवतो. डाख द्यायचाच तर जोडाला मागेपुढे आधार द्या. एक मात्र खरं, डाख प्रामाणिक आहे : काळ्या पडलेल्या तांब्याला तो धरतच नाही. वायर सोलत जा, चकाकी दिसेपर्यंत. वीतभर मागे जाऊनही काळंच निघालं तर ती वायर सोडून द्या. आणि भिंतीत घालायची घरगुती वायर गाडीत घालू नका. तिचं आवरण ७० अंशांपर्यंतचं, तारा मोजक्या आणि जाड. बोनेटखाली गाडीसाठी बनवलेली, १०५ किंवा १२५ अंश सोसणारी वायरच हवी.

फ्यूजबद्दल लोकांचा समज असा की तो दिव्यासाठी, हॉर्नसाठी असतो. तो वायरसाठी असतो. १० अँपिअरचा उडतो म्हणून २० चा घातला, की त्या सर्किटमध्ये सगळ्यात आधी वितळणारी वस्तू फ्यूज राहत नाही, वायर होते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी कितीतरी काढले. एकदा तर फ्यूजच्या जागी खिळाच निघाला. त्याहून वाईट म्हणजे कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंतच्या मुख्य वायरला फ्यूजच नसतो. ती पत्र्याच्या भोकातून आत जाते. तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठावरची रबरी कडी, सुकून पडलं आणि पत्र्याची धार आवरणात रुतली, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि अख्खी वायर काही सेकंदांत लाल होते. तुमच्या बातम्यांतल्या ‘उभ्या गाडीने अचानक पेट घेतला’मधल्या किती गाड्यांत हे ग्रोमेट जागेवर होतं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. अशा गाडीला बॅटरीपाशी एक मुख्य फ्यूज आणि एक कट-ऑफ स्विच बसवणं हे अर्ध्या दिवसाचंही काम नाही. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट तुम्हीच केलात.

संपादक महाशय, तुमच्या वार्ताहरांकडे माझं मागणं मोठं नाही. गाडी जळाल्याची बातमी आली की अग्निशमन दलाला आणि मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : आग पहिल्यांदा कुठे दिसली, गाडीत मागाहून काय काय बसवलं होतं, आणि आधी फ्यूज उडत होता का, वास येत होता का, दिवे मंद होत होते का. उत्तर मिळेल ते ‘शॉर्ट सर्किट’च्या पुढे एका ओळीत छापा.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. तो खिळा ज्यांच्या गाडीत निघाला, ते माझे शेजारी आहेत आणि रोज सकाळी फिरायला आम्ही बरोबर जातो.

आपला,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन