कार्बनची पट्टी झिजते, त्यात मुलांचा काय दोष?

संपादक महोदय,

बुधवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची निगा सांगणारा लेख वाचला. एक दिवस गेला तरी राग शमला नाही, म्हणून लिहितो आहे. स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता कंट्रोलरची दांडी सरकल्यासारखी वागणे, होते ती मुलांच्या धसमुसळेपणामुळे; फटीत सॅनिटायझरचे दोन थेंब सोडले की ती सुधारते; आणि निन्टेन्डोच्या नव्या गेम कन्सोलमध्ये, स्विच २ मध्ये, ‘चुंबकीय स्टिक’ असल्याने हा प्रश्नच मिटला आहे, अशी तीन विधाने त्यात आहेत. तिन्ही चुकीची आहेत. दुसऱ्यामुळे तर बरा कंट्रोलर बाद होईल.

आधी चुंबकाचे बघू. स्विच २ चे सुटे होणारे कंट्रोलर, जॉय-कॉन २, कन्सोलला चुंबकाने चिकटतात. पहिल्या स्विचला ते खाचेत सरकवावे लागत. लेखकाने हे चिकटणे आणि स्टिकच्या आतला सेन्सर यांची गल्लत केली आहे. स्विच २ बाजारात आला ५ जून २०२५ ला. त्याआधी एप्रिलमध्येच निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी या स्टिक हॉल इफेक्टच्या (चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या) नाहीत, असे मुलाखतीत सांगून टाकले होते. मग उपकरणे उघडून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने कन्सोल उघडला, आत जुनेच, घासून चालणारे पोटेन्शिओमीटर निघाले, आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी त्यांनी त्याला १० पैकी ३ गुण दिले. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपलेल्या वस्तूबद्दल इतकी ढोबळ चूक छापली जावी, हे पटत नाही.

आता धसमुसळेपणा. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण काही वर्षांनी फिरवताना खरखर करू लागते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ड्रिफ्ट वेगळे समजवायला नको. जात एकच. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमधल्या प्रत्येक स्टिकला दोन बाजूंनी दोन छोट्या डब्या, म्हणजेच पोटेन्शिओमीटर, असतात, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. डबीत कार्बनचा थर दिलेली पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची पातळ जीभ. जीभ कुठे टेकली आहे त्याप्रमाणे व्होल्टेज बदलते आणि कंट्रोलर त्यावरून स्टिक किती सरकली ते ठरवतो. स्टिक सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते, आणि खेळताना बरीचशी हालचालही मध्याच्या आसपासच होते. म्हणून थर सगळ्यात आधी तिथेच उडतो. उडालेल्या कार्बनची काळी पूड तिथेच साचते, जीभ नीट टेकत नाही, आणि अंगठा लावलेला नसतानाही पडद्यावरचा माणूस भिंतीकडे चालू लागतो.

हा भाग किती टिकतो, ते बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. ड्युअलसेन्समधले स्टिकचे मॉड्यूल आल्प्स कंपनीचे. त्याच्या माहितीपत्रकात पोटेन्शिओमीटरचे आयुष्य २० लाख फेऱ्या दिलेले आहे, हे आयफिक्सिटने २०२१ मध्ये दाखवून दिले. नेमबाजीच्या खेळात मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर ४१७ तासांत ते संपते. रोज दोन तास खेळणाऱ्याचे सात महिने. हळुवार हाताने खेळले तरी फेऱ्या मोजल्या जायच्या त्या जातातच.

जॉय-कॉनचे प्रकरण तर जगभर गाजले, लेखकाला ते ठाऊक असायलाच हवे. पहिल्या स्विचच्या, २०१७ च्या त्या स्टिक आणखी चपट्या, पट्टी आणखी लहान. २०१९ मध्ये निन्टेन्डोला अमेरिकेत दुरुस्ती मोफत करावी लागली. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांनी भागधारकांसमोर झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली आणि २०२३ मध्ये तिथे वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्तीचे कबूल झाले. दोष मुलांच्या अंगठ्यांचा असता तर यातले काहीही घडले नसते. आपल्याकडे निन्टेन्डोची अधिकृत विक्रीच नाही, त्यामुळे इथल्या ग्राहकाला खर्च पदरचाच करावा लागतो. निदान त्याच्या माथी दोष तरी मारू नये.

आणि न झिजणारी स्टिक ही काही आजची कल्पना नाही. सेगा कंपनीने सॅटर्न कन्सोलच्या १९९६ च्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये चुंबक व हॉल सेन्सरच वापरले होते. तिथे काही घासतच नाही, तर झिजणार काय? गुलिकिट कंपनीच्या तशाच स्टिक आज सुट्या मिळतात, आणि व्हॉल्व्ह या गेम कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्टीम कंट्रोलरमध्ये टीएमआर स्टिक आहेत. त्याही चुंबकाच्याच, पण विजेला हॉलपेक्षा किफायतशीर.

सॅनिटायझरचा सल्ला मात्र ताबडतोब मागे घ्या. त्यात अल्कोहोल साधारण ७० टक्के. उरलेले पाणी, ग्लिसरीन आणि जेल घट्ट करणारा पदार्थ. अल्कोहोल उडून जाते, चिकटा मात्र डबीत राहतो आणि कार्बनची पूड व धूळ धरून ठेवतो. पाणी बोर्डापर्यंत झिरपले आणि बॅटरी जोडलेली असली, तर पिनांवर हिरवट गंज चढतो. साधे डब्ल्यूडी-४० मारणारेही पुष्कळ आहेत. तेही नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

करायचे असेल तर आधी तपासा. कंट्रोलर केबलने संगणकाला जोडून ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर स्टिकचे आकडे बघा; मध्यावर ते शून्याजवळ असायला हवेत. हात न लावता आकडा ०.०५ च्या आत राहिला तर चिंता नाही. मग स्टिक चारही दिशांना ताणून टचकन सोडा. आकडा थरथरत, उड्या मारत असेल तर पट्टीवर पूड आहे किंवा थर उडाला आहे. दर दिशेने सोडल्यावर वेगळ्याच जागी थांबत असेल तर बहुधा स्प्रिंग सैल झाली आहे, तिथे सफाईचा उपयोग नाही. नेहमी एकाच चुकीच्या आकड्यावर स्थिर असेल तर कॅलिब्रेशनने, म्हणजे मध्य नव्याने ठरवून, भागते. स्विचमध्ये ते सेटिंगमधल्या कंट्रोलर अँड सेन्सर्समध्ये आहे. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही ती, वाढवणे ही तात्पुरती सोय. त्याने दोष झाकला जातो, पण बारीक नेम जातो.

सफाईसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. बॅटरीचा कनेक्टर आधी काढा, डबीत दोनच थेंब सोडा, स्टिक वीसेक वेळा गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. याने पूड निघते, उडालेला कार्बन परत येत नाही. काही दिवसांत ड्रिफ्ट परतला तर भाग बदलणे हाच उपाय.

पहिल्या जॉय-कॉनमध्ये हे काम घरी होते. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, त्यांना वाय००चा पेचकस लागतो, साध्याने डोकी गुळगुळीत होतात. आत स्टिक दोन स्क्रूंवर आणि एका रिबनवर (चपट्या केबलवर) असते. रिबनच्या कनेक्टरची बारीक पट्टी नखाने वर उचलायची, रिबन ओढायची नाही. तिथेच बहुतेकांचे काम बिघडते. ड्युअलसेन्सला मात्र सोल्डरिंग आहे, एका स्टिकला १४ टाके. त्यातल्या ग्राउंडच्या पिना बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेल्या असल्याने उष्णता पिऊन घेतात. सोल्डर वितळायच्या आत मॉड्यूल ओढले की पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) उखडून येते आणि बोर्ड जातो. जुन्या टाक्यांवर आधी थोडे ताजे शिशाचे सोल्डर आणि फ्लक्स घालावे, मग पंपाने ओढावे. हात बसलेला नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हे काम जाणणारा कारागीर शोधावा, आणि मॉड्यूल बदलल्यावर कॅलिब्रेशन करून देणार का, हे आधीच विचारावे. हॉलचे मॉड्यूल बसवून कॅलिब्रेशन सोडून दिले तर नवी कोरी स्टिकसुद्धा पहिल्या दिवसापासून एका बाजूला ओढते.

जाता जाता, त्याच पानावर ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याची बातमी आहे आणि तिच्यावर चित्र प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचे! ऑगस्ट २०२५ च्या त्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सना तर त्याने मान्यता दिली आहे. हे चित्र बघून एखाद्या घरातले आजोबा नातवाचा कंट्रोलर कपाटात बंद करून ठेवतील. चित्राचीही दुरुस्ती छापावी, आणि सॅनिटायझरची उद्याच्याच अंकात.

– एक नियमित वाचक, डोंबिवली