५जीचा वेग सुरुवातीपासून मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवा सुरू झाली, तेव्हापासून तिच्याविषयीची चर्चा बहुधा ‘कमाल वेग किती मिळाला’ या एकाच आकड्यापाशी थांबते. तो आकडा खोटा नसतो. पण तो मोठी फाइल सलग उतरवून काढलेला असतो आणि आपला रोजचा वापर तसा नसतो. बातमीचे पान उघडणे, आलेला फोटो पाहणे, व्हिडिओ सुरू करणे ही सारी क्षणात आटोपणारी कामे आहेत. अशा कामांत वेग किती आहे यापेक्षा तो किती लवकर हाती येतो याला महत्त्व असते, आणि त्याची वाच्यता क्वचितच होते.

आजचा फोन एकाच वेळी दोन किंवा अधिक बँडांवरून (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवरून) डेटा घेऊ शकतो. त्याचा कायमचा संबंध एका प्रायमरी सेलशी, म्हणजे टॉवरशी एका बँडवर असलेल्या मुख्य जोडणीशी, असतो. डेटाची मागणी वाढली की टॉवर त्याला सेकंडरी सेल, म्हणजे दुसऱ्या बँडवरची जादा जोडणी, चालू करण्याची आज्ञा देतो. आज्ञा मिळताच डेटा वाहू लागतो असे मात्र नाही. त्या बँडवरील सिग्नलच्या ताकदीनुसार रिसीव्हर जुळवून घेणे, वेळ व वारंवारिता साधणे आणि मग सिग्नलचा दर्जा टॉवरला कळवणे, एवढे सोपस्कार फोनला आधी उरकावे लागतात. ४जीत त्यासाठी मोबाइल तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली मर्यादा, फोनने तो सेल नुकताच मोजलेला असल्यास २४ मिलिसेकंद आणि नसल्यास, तो पहिल्याच प्रयत्नात सापडला तर, ३४ मिलिसेकंद अशी होती. ५जीत उलट अडचण वाढली. वीज वाचावी म्हणून ५जीचा टॉवर फोनला जुळवून घेण्यासाठी लागणारा संदर्भ-संकेत सतत पाठवत नाही. फोन ज्याची वाट पाहतो तो संकेत सामान्यतः २० मिलिसेकंदांतून एकदा येतो आणि अनोळखी, म्हणजे नुकत्याच न मोजलेल्या, सेलसाठी असे अनेक संकेत लागतात. त्याआधीचे मापन आणि अहवाल धरले तर हा विलंब शेकडो मिलिसेकंदांवर जातो.

याने काय बिघडते? समजा, ७०० मेगाहर्ट्झच्या अरुंद बँडवर सेकंदाला ५० मेगाबिट वेग मिळतो आहे आणि ४ मेगाबाइटचा, म्हणजे ३२ मेगाबिटचा, फोटो उतरवायचा आहे. हे काम ०.६४ सेकंदात होते. ३३०० मेगाहर्ट्झचा रुंद बँड कामाला लागायला अर्धा सेकंद गेला, तर तोवर तीन चतुर्थांशांहून अधिक फोटो येऊन गेलेला असतो. जाहिरातीतला वेग त्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. (यूपीआयचा व्यवहार रखडतो तो मात्र यामुळे नव्हे, त्याच्या चिमुकल्या संदेशांना प्रायमरी सेल पुरून उरतो.) धावत्या लोकलमध्ये तर फोन सारखा एका सेलवरून दुसऱ्यावर सोपवला जातो आणि जुन्या पद्धतीत प्रत्येक वेळी सेकंडरी सेल नव्याने चालू करावा लागतो.

सेकंडरी सेल कायम चालू ठेवला तर बॅटरी उतरते, म्हणून तो मार्ग नाही. मानकांनी मात्र इतर वाटा केव्हाच आखून दिल्या आहेत. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या सोळाव्या रिलीजनुसार (मानकाच्या आवृत्तीनुसार) ५जीत सेकंडरी सेल अर्धवट जागृत ठेवता येतो, फोन निष्क्रिय असतानाच मापन करून ठेवता येते आणि सेल बदलतानाच सेकंडरी सेल थेट चालू करता येतो. २०२२ च्या सतराव्या रिलीजने तर फोनला ताटकळत न ठेवता, गरजेपुरता तात्पुरता संदर्भ-संकेत त्याच वेळी पाठवण्याची सोय केली. अडचण एवढीच की, या सोयी ऐच्छिक आहेत, आणि टॉवर व हँडसेट या दोघांनी त्या अंगीकारल्याखेरीज ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही.

न मोजलेल्या गोष्टीवर कंपन्या खर्च कशाला करतील? दूरसंचार नियामक ट्रायच्या ड्राइव्ह टेस्टच्या (वाहनातून फिरत घेतलेल्या चाचणीच्या) अहवालांत डाउनलोड, अपलोड आणि लेटन्सीचे, म्हणजे प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचे, आकडे असतात. पण लेटन्सीची चाचणी लहान पॅकेटची असल्याने ती प्रायमरी सेलवरच उरकते आणि हा विलंब तिच्यात दिसत नाही. म्हणून ट्रायने फोन काही सेकंद शांत ठेवून, मग दोन-चार मेगाबाइटची फाइल उतरवायला लागलेला वेळ प्रत्येक कंपनीसाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावा, लोकलच्या मार्गांवरही तो मोजावा, आणि वरीलपैकी कोणत्या सोयी आपल्या जाळ्यात चालू आहेत हे सांगणे कंपन्यांवर बंधनकारक करावे.

आपला,
एक दूरसंचार अभियंता, ठाणे