पिशवी काढण्याआधीचा कागद : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी (गर्भाशय) काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितले. हे सगळे हवेच होते. पण परवानगीचा अर्ज जिल्ह्याला पोचतो तोवर बाईच्या मनाची तयारी झालेली असते, पैशांची जुळवाजुळवही झालेली असते. खरा निर्णय गावाजवळच्या पहिल्या दवाखान्यात होतो. आम्ही फॅमिली डॉक्टर तिथेच बसतो, म्हणून हे पत्र.

तक्रारी बहुतेक वेळा दोनच असतात: पांढरे जाते, नाहीतर पाळीत फार अंगावरून जाते.

पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडे पातळ, बिनवासाचे पाणी जाणे नैसर्गिक आहे. वास, खाज, रंग बदललेला असेल तर स्पेक्युलम (आतून तपासायचे उपकरण) लावून गर्भाशयाचे तोंड नीट पाहायचे आणि योनीमार्गातल्या स्रावाचा पीएच (आम्लता) कागदाने तपासायचा. ४.५ च्या वर गेला तर जिवाणूंचा असमतोल किंवा ट्रायकोमोनास (शरीरसंबंधातून पसरणारा संसर्ग), त्याखाली असून खाज व दह्यासारखा स्राव असेल तर बुरशी. यासाठीच्या सरकारी हिरव्या किटमध्ये (औषधांच्या तयार पाकिटात) सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते. एका वेळचा डोस. ट्रायकोमोनासची शंका असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. महिन्याभराने तक्रार परत येते, मग सोनोग्राफी होते, रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ लिहून येते. तीन-चार बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणारच. तपासणीत दिसणारी ‘जखम’ पुष्कळदा गर्भाशयाच्या तोंडावरचा साधा लालसर पट्टा असतो. पण ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे एक वाक्य कानावर पडले की पुढचे सारे ठरून जाते. कॅन्सरची भीती असेल तर तिचे उत्तर तपासणीत आहे: एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, किंवा निदान ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबून गर्भाशयाच्या तोंडावर पांढरा डाग उमटतो का ते पाहणे.

जास्त रक्तस्रावाबद्दल तर आमच्याच पातळीवरचा भक्कम पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ५७१ बायकांना फॅमिली डॉक्टरांकडेच उपचार मिळाले. निम्म्यांना गर्भाशयात बसवायची, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू (एलएनजी-आययूएस, पुढे ‘एलएनजी’), निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या. दोन वर्षांनी एलएनजीवाल्या गटाला आराम अधिक होता. पण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत तीन चतुर्थांशांहून अधिक बायकांना शस्त्रक्रिया लागली नव्हती.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध) १ ग्रॅम दिवसातून तीनदा, रक्तस्राव सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त चार दिवस. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल तर द्यायचे नाही. चूक होते ती अशी: कमी डोसाची एकेक गोळी, दोनच दिवस, आणि मग ‘गोळ्यांनी गुण येत नाही’ असा शेरा. एलएनजी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग पडतात. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून ती काढून घेते. सोबत हिमोग्लोबिन तपासून लोह सुरू करावे लागते, कारण थकवा पुष्कळदा पांडुरोगाचा असतो आणि दोष पिशवीवर येतो.

आता ती चाचणी ब्रिटनमधली, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असणाऱ्या बायकांची. इथली बाई पाच-सहा महिने उसाच्या फडात असते. खाडा पडला की पैसे कापले जातात, ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकाने थांबून चालत नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर न्यावी लागते. म्हणून तिला ‘दर महिन्याला दाखवायला ये’ सांगून उपयोग नाही. संपूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि नोंदीचे कार्ड तिच्या सामानात जायला हवे, आणि ते कार्ड कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात चालायला हवे.

अंडाशयांबद्दल स्वतंत्र सांगतो. ‘काढतोच आहोत तर तेही काढू’ हे तिशी-पस्तिशीच्या बाईला फार महागात पडते: हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. काढावेच लागले तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारे हार्मोन) द्यावे, काही वैद्यकीय अडचण नसेल तर. प्रत्यक्षात अनेकींना डिस्चार्ज कार्ड वाचूनही कळत नाही की अंडाशय राहिले की गेले.

आमची मागणी एका कागदाची आहे. परवानगीच्या अर्जाला तो जोडलेला असावा आणि पहिल्या डॉक्टरने भरलेला असावा. त्यात वय, हिमोग्लोबिन, स्पेक्युलम तपासणी केली का, कोणते औषध किती डोसात किती महिने दिले, चाळिशीपुढे गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली का, अंडाशय ठेवणार का. गाठ, कॅन्सर किंवा जीवघेणा रक्तस्राव असेल तर तसे लिहून लगेच पुढे पाठवावे. अशा बाईला कागदासाठी एक दिवसही थांबवू नये. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट त्याच कागदाला जोडून पहिल्या डॉक्टरकडे परत यावा. चाळिशीच्या आतल्या शस्त्रक्रियांचे तालुकावार आकडे, नावे वगळून, दर तिमाहीला जाहीर करावेत.

आणि कागदावर लिहायला उपचार जवळ हवेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पेक्युलम, पीएच कागद, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि लोहाच्या गोळ्या. उपजिल्हा रुग्णालयात बायोप्सीची नळी आणि एलएनजी. गाळप हंगामासाठी टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. बीड, जालना, धाराशिवच्या केंद्रांवर हा साठा त्याच्या महिनाभर आधी पोचवावा, ही विनंती.

आपले,
ग्रामीण भागात प्रॅक्टिस करणारे काही फॅमिली डॉक्टर