बाबा, तो आवाज माझा नव्हता

पुणे,
14 ऑगस्ट 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शुभाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर माझे निम्मे बोलणे तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि उरलेले निम्मे मी घाईत बोलून बिघडवते, हे गेल्या महिन्यात पुरते कळून चुकले. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. बाबा, आधीच सांगून टाकते की दोन गोष्टी मी तुम्हाला न विचारता केल्या आहेत. नांदेडला तुमच्या दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे सांगून निम्मे पैसे भरले आहेत आणि सोमवारी, 25 तारखेला, ती बसवून घेण्याची वेळ ठरवली आहे. दुसरे म्हणजे, नागपंचमीला आले होते तेव्हा तुमच्या मोबाईलवरून पैसे पाठवायची जी सोय आहे, ती पेन्शनच्या खात्यापासून तोडून नव्या खात्याला जोडली. त्या खात्यात दर महिन्याला दहा हजार रुपये जमा होत राहतील. नव्या खात्याच्या कागदांवर सह्या तुम्हीच केल्या, पण ते कशासाठी उघडतो आहोत हे मी तुम्हाला नीट सांगितले नव्हते, आणि त्याची टोचणी पुण्याला परतताना गाडीतच लागली होती.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाच्या पैशाला लेकीने कुलूप लावले. तसे नाही हो बाबा. पेन्शन तुमची आहे, पासबुक आणि चेकबुक तुमच्याच कपाटात आहे, बँकेत जाऊन हवे तेवढे पैसे काढायला तुम्हाला कोणी अडवणार नाही. मी फक्त एवढेच केले आहे, की कोणी फोनवर घाई केली तर पाच मिनिटांत सगळे जाऊ नये.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या त्या फोनबद्दल तुम्ही अजून स्वतःला दोष देता, असे आई सांगत होती. तुम्ही रात्री उठून ओट्यावर बसता, हेही तिने सांगितले. त्या दिवशी नेमके काय घडले ते मी आईकडून दोनदा, तुमच्याकडून एकदा ऐकले आहे आणि त्यावर पुष्कळ विचार केला आहे. एक बाई रडत म्हणाली, ‘बाबा, मी बोलतेय.’ तुम्ही विचारले, ‘कोण, शुभा?’ नाव तिने घेतले नव्हते, ते तुम्ही दिलेत. मग एक माणूस बोलू लागला, आयकर खात्याचा अधिकारी म्हणून, की तुमच्या मुलीच्या पॅन क्रमांकावर मोठी करचुकवेगिरी सापडली आहे आणि संध्याकाळपर्यंत रक्कम भरली नाही तर तिला अटक होईल. तुम्ही अठ्ठेचाळीस हजार पाठवलेत, आणि ते माझ्यासाठी पाठवलेत.

आजकाल माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे निघाली आहेत. 2023 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अशी एक यंत्रणा जाहीर केली, तिला नमुना म्हणून तीन सेकंदांचे बोलणे पुरते. पण मला वाटते, तुमच्या बाबतीत त्या लोकांना यंत्राचीही गरज पडली नसावी. रडण्यात शब्द विरघळतात, आणि विरघळलेल्या जागा आपला मेंदू स्वतःच भरतो. हे मी तुमच्या समाधानासाठी रचून सांगत नाही. 1970 साली रिचर्ड वॉरन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका इंग्रजी वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला ‘स’ कापून काढला, त्या जागी नुसता खोकल्याचा आवाज घातला आणि ते वाक्य वीस जणांना ऐकवले. त्यांतल्या एकोणीस जणांनी सांगितले की शब्द पुरा आहे, काहीच गाळलेले नाही. जो ‘स’ तिथे नव्हताच, तो त्यांना स्वच्छ ऐकू आला होता. ती माणसे चांगल्या कानांची होती. तुमच्या कानांच्या मे महिन्यातल्या तपासणीच्या आलेखात तर हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी, ऐकण्याची रेघ जवळजवळ सरळ आहे आणि दोन हजारांच्या पुढे ती उतारावरून घसरत जाते. ‘स’ आणि ‘श’ यांचा खरा जोर चार हजारांच्या आसपास आणि त्याहून वर असतो. म्हणजे माझ्या नावातले पहिलेच अक्षर तुम्हाला कित्येक महिने कानाने ऐकू येत नव्हते, तुम्ही ते मनाने ऐकत होता. कोणत्याही रडणाऱ्या बाईच्या आवाजात तुम्हाला तुमची लेक ऐकू आली, यात तुमच्या बुद्धीची चूक कुठे आहे?

तुमच्या नातीने, ओवीने, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाईलवर जो एक शब्द वाजवून दाखवला होता, तो आठवतो का? तिला ‘यॅनी’ ऐकू येत होते, तुम्हाला ‘लॉरेल’, आणि दोघे जेवणे थांबवून भांडत होतात. 2018 च्या मे महिन्यात सगळे जग त्या एका ध्वनिफितीवरून असेच भांडत होते. मुळात तो शब्द ‘लॉरेल’च होता, तेव्हा तुमचे उत्तर बरोबर होते. पण त्या ध्वनिफितीत उंच पट्टीतला भाग ज्यांना जास्त ऐकू येतो त्यांना ‘यॅनी’ वाटते आणि खालच्या पट्टीतला ज्यांना जास्त ऐकू येतो त्यांना ‘लॉरेल’. बारा वर्षांची ओवी आणि बहात्तर वर्षांचे तुम्ही एकाच ताटाशी बसून वेगवेगळे ऐकत होता. मी तेव्हा हसत होते. तपासणीचा कागद हातात आल्यावर ते हसणे मलाच बोचले.

आता जमिनीखालच्या आवाजाबद्दल, कारण त्याची माफी मला मागायचीच आहे. तुम्ही किती वेळा सांगितले होते, की रात्री जमिनीतून गुडगुड येते, बाज हलल्यासारखी वाटते. आणि मी दर वेळी म्हणाले, की 1993 च्या भूकंपाची औशाची ती रात्र तुमच्या मनातून गेलेली नाही, म्हणून असे भास होतात. मग 2024 च्या 21 मार्चला हिंगोलीत धक्का बसला आणि 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास दुसरा, दोन्ही 4.5 तीव्रतेचे. तुमचा फोन आला तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावची माणसेसुद्धा कित्येक वर्षे हेच सांगत आली आहेत. उथळ भूकंप लहानसा असला तरी त्याची पहिली लहर जमिनीच्या पृष्ठाशी येऊन हवेलाही हलवते आणि दूरवर गडगडल्यासारखा आवाज येतो; कधी कधी हादरा जाणवत नाही, नुसता आवाजच येतो. तो आवाज अगदी खालच्या पट्टीतला असतो आणि खालची पट्टी तुमच्या कानांनी अजून शाबूत ठेवली आहे. म्हणून जमिनीच्या पोटातले तुम्हाला ऐकू येते आणि शेजारच्या खोलीतल्या आईच्या बांगड्या ऐकू येत नाहीत. तुमचे ऐकणे खरे होते, बाबा. माझे समजावणे चुकीचे होते.

पण म्हणूनच त्या आवाजाबद्दल मोबाईलवर जे फिरते त्यावर तुम्ही विश्वास ठेवावा, असे मला वाटत नाही. अमुक तारखेला, अमुक वेळी मोठा भूकंप होणार, असे दिवस-वेळ नेमून सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. 1993 ला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीहून आलेली माणसे झोपली होती, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे होती, आणि त्या क्षणापर्यंत कोणालाही कल्पना नव्हती. हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा माणसे मेली ती अधिक करून दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आपले आताचे घर तसे नाही. तुम्ही स्वतः उभे राहून त्याचे कॉलम आणि काँक्रीटची प्रत्येक पट्टी भरून घेतली आहे, मी तेव्हा दहावीत होते.

तसाच तो रात्री साडेबारा ते साडेतीनचा निरोप, की वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा. हा निरोप वर्षानुवर्षे तोच आहे, फक्त ‘आज रात्री’ म्हणून पुन्हा पुन्हा येतो. वैश्विक किरण रोजच, दिवसरात्र येत असतात. वातावरण आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांतले बहुतेक अडवते आणि मोबाईल त्यांना ओढून घेत नाही. तुम्ही तो निरोप वाचून फोन बंद केलात त्याच रात्री आईची साखर खाली गेली होती. आईने साखर-पाणी घेतले आणि सकाळी सहज सांगितले, पण रात्री मी नऊ वेळा फोन लावला होता. फोन चालू ठेवा, बाबा. हे मात्र मी हुकूम म्हणून सांगते आहे.

कराचे काम झाले आहे, त्याची काळजी करू नका. तुमचे वर्षाचे पेन्शन 4,92,000 आणि ठेवींचे व्याज 1,18,000. पेन्शनमधून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न 5,35,000 राहिले, आणि नव्या पद्धतीत 2024-25 या आर्थिक वर्षासाठी सात लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य आला. गेल्या वर्षी फॉर्म 15-एच (व्याजातून कर कापू नये म्हणून बँकेला द्यायचा) वेळेवर दिला गेला नाही म्हणून बँकेने व्याजातून 11,800 कापले होते, ते परत मागितले आहेत. आधारच्या ओटीपीने पडताळणीही तुमच्यासमोर झाली आहे. आता हे नीट लक्षात ठेवा : हा परतावा आपोआप पेन्शनच्या खात्यात जमा होईल. त्यासाठी कोणत्याही दुव्यावर बोट ठेवायचे नाही, कोणाला ओटीपी सांगायचा नाही. आयकर खात्याच्या नोटिशीवर 2019 च्या ऑक्टोबरपासून एक दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोनवर रडणारी मुलगी ऐकवून कोणतेही खाते कर वसूल करत नाही. यंदाचा 15-एच भरून हिरव्या फाईलमध्ये ठेवला आहे. पोळा झाला की बँकेत देऊन पोच घ्या.

तसा फोन पुन्हा आलाच, तर माझे नाव तुम्ही घ्यायचे नाही. ‘औशाच्या घरी आपल्या तांबड्या गाईचे नाव काय होते?’ एवढेच विचारा. आपल्या तिघांशिवाय ते कोणाला ठाऊक नाही, आणि मी कितीही संकटात असले तरी ते विसरणार नाही. उत्तर आले नाही तर फोन ठेवा, माझ्या नंबरवर स्वतः लावा, आणि पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर कळवा. गेल्या वेळी आपण दुसऱ्या दिवशी कळवले.

यंत्रांच्या किमतीवरून तुम्ही चिडणार, म्हणून तेही सांगते. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. माझी अडचण करून मी पैसे भरलेले नाहीत. रंग तुमच्या केसांसारखा राखाडी निवडला आहे. कानामागे बसते आणि लांबून दिसत नाही. पहिले काही दिवस पंखा फार मोठा वाटेल, वर्तमानपत्राचे पान उलटताना खरखर कानात घुसेल, भाकरी चावण्याचा स्वतःचाच आवाज ऐकू येईल. त्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात ‘हे काही आपल्याला जमत नाही’ म्हणून ती डबीत ठेवू नका. सुरुवातीला घरातल्या घरात, दुपारी दोन तास, मग हळूहळू वाढवा.

तोवर मी साधा फोन न लावता व्हिडिओवरच बोलत जाईन. माझा चेहरा उजेडात असेल. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहा. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोघांनी 1976 मध्ये दाखवले होते, की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येते. इतके डोळे ऐकण्यात भाग घेतात. आणि मला आठवते, श्रुतलेखन घालताना तुम्ही मला पाठमोरे बसवायचात. ‘ओठ बघून लिहू नको लेकरा, कानाने ऐक’ म्हणायचात. मी भिंतीकडे तोंड करून पाटीवर ‘षटकोन’ आणि ‘शहामृग’ लिहायची, आणि मागून येणारा तुमचा आवाज इतका स्वच्छ असायचा, की पोटफोड्या ‘ष’ वेगळा कळायचा. तो शेणाने सारवलेल्या ओसरीचा वास अजून त्या अक्षराला चिकटून आहे. आता मी तुम्हाला नेमके उलटे सांगते आहे, याचे मला फार वाईट वाटते, पण थोडेच दिवस असे करा.

आई, तुला वेगळे सांगायचे आहे. बाबांना हाक मारताना स्वयंपाकघरातून ओरडू नकोस. जवळ जा, समोर उभी राहा, हळू आणि एकेक वाक्य बोल. मोठ्याने ओरडल्याने त्यांना शब्द कळत नाहीत, नुसता राग कळतो. तू थकतेस हे मला माहीत आहे, तीन-तीनदा सांगून तुझाच घसा बसतो. तुझी साखर सकाळी तपासून वहीत लिहीत जा, आणि उपाशी पोटी महालक्ष्म्यांची आवराआवर सुरू करू नकोस. 30 तारखेला रात्री मी पोचते आहे, पुरण मी वाटीन.

25 तारखेला मी स्वतः यायला हवे होते. रजा मिळाली नाही, हे खरे कारण आहे, पण ते पुरेसे वाटत नाही. विष्णूकाका सोबत येतील, गाडी सकाळी आठला दारात उभी राहील. मे महिन्यातल्या तपासणीचा कागद हिरव्या फाईलमध्ये मागच्या बाजूला आहे, तो विसरू नका. घरून निघताना धपाटे बांधून घ्या, तिथे थांबावे लागेल. यंत्रे बसली की तिथूनच मला व्हिडिओ लावा. मी काही विचारणार नाही, फक्त तुमच्याकडे पाठ करून माझे नाव म्हणेन.

तुमची,
शुभा