ताईची सही

सिडको, नाशिक

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

काल काकांचा फोन आला होता. दिंडोरीच्या सातबाऱ्याला तुझं, माझं आणि ताईचं नाव वारस म्हणून लागलंय, आता ताईकडून हक्कसोडपत्र करून घेतलं की विषय मिटला, असं म्हणाले. तूही त्यांना "बघतो" म्हणालास म्हणे. हे फोनवर बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला आणि देशाने २००५ मध्ये. काकांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते कायद्याचं नावही काढत नाहीत. "चांगल्या घरच्या बहिणी हिस्सा घेत नाहीत," एवढंच म्हणतात. चांगल्या भावाने काय सोडायचं, हे मात्र आजवर कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, ही भीती मुलींच्या मनात परकरात असल्यापासून घालतात. मग ती सही करते आणि लोक म्हणतात, बघा, किती मायाळू!

आपल्या द्राक्षबागेतलंच बघ. थिनिंगला बाया दिवसभर मंडपाखाली मान वर करून उभ्या असतात. बोटभर कात्रीने घडातले दाटीचे मणी काढायचे, शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. मान आखडते, हात भरून येतात. हे नजरेचं, कसबाचं काम. पण ते "बायांचं" ठरलं, म्हणून त्याचा रोज छाटणीच्या गड्यापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, पण कामच वेगळं आहे म्हटलं की पळवाट सापडते. कुणाचं काम कुठलं, हे निसर्गाने नाही ठरवलं रे. तसं असतं तर ते पुन्हा पुन्हा बजावावं लागलं नसतं.

आणि हे बदलतं. आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. साधे खेड्यातले बापये होते ते. त्यांच्या पुरुषपणाला काही बाध आला नाही.

तुलाही याच लोकांनी घडवायला घेतलंय, म्हणून जास्त काळजी वाटते. दहाव्याला रामकुंडावर तुला हुंदका आवरेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "डोळे पूस, आता तू घरचा कर्ता." चार पावलांवर ताई ओक्साबोक्शी रडत होती, तिला कुणी अडवलं नाही. बाप दोघांचा गेला होता. त्या वेळी मला तुला जवळ घ्यायचं होतं, पण मध्ये सगळे पुरुष उभे होते.

रविवारी ये. ताईलाही बोलावलंय. ती कदाचित स्वतःहूनच म्हणेल, "मला काही नको, अमोललाच राहू दे." लगेच हो म्हणू नकोस. का नको, ते तिला विचार आणि तिचं बोलून होईपर्यंत ऐक. तिला हिस्सा ठेवायचा असेल, तर बाग एकत्र कसायची की वाटणी करायची, ते तिघं मिळून ठरवू. काकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझी आई