करंगळीखालच्या घट्ट्यासाठी आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आयकिडो या जपानी युद्धकलेतल्या काठीच्या सरावानंतर हात धुताना डाव्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी, एक छोटा घट्टा बोटाला लागला आणि तेव्हाच आपल्याला पत्र लिहायचे ठरवले. सव्वा वर्षापूर्वी जपानमधल्या इबाराकीतल्या आपल्या डोजोत (सरावाच्या जागेत) आपण माझे दोन्ही हात दिव्याखाली उलटे धरून पाहिले होते, तेव्हा सगळे घट्टे तर्जनीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या पेरावर होते. "काठी तू चिमटीत धरतोस," एवढेच आपण म्हणालात. ते निदान पुरते पटायला मला दोन महिने लागले, हे आज कबूल करतो.

कोल्हापुरात लहानपणी मर्दानी खेळात लाठी फिरवलेली असल्यामुळे काठी आपल्याला येते, असा माझा समज होता. लाठीचे फिरणे मनगटावर चालते. आयकिडोतली सुमारे १२८ सेंटीमीटर लांबीची काठी मात्र प्रत्येक फटक्याच्या शेवटी जागच्या जागी थांबवावी लागते. (तिला जपानीत 'जो' म्हणतात, पण मराठी वाक्यात तो शब्द इतका घोटाळा करतो की मी काठीच म्हणतो.) ती थांबवण्यासाठी मी मूठ आवळत गेलो, खांदे कानांपर्यंत चढले आणि उजवे मनगट रात्री ठणकू लागले.

आमचे शिक्षक ओला टॉवेल पिळल्यासारखे धरा, असे सांगत, आणि मी पहिल्या क्षणापासून जिवाच्या आकांताने पिळत असे. आपण मला बाजूला नेऊन विचारलेत, की घरी पंचा पिळताना तो बादलीतून उचलतानाच आवळतोस का? मग आपण काठी हातात दिलीत, तर्जनी सरळ सोडायला लावलीत, अंगठा नुसता टेकवायला सांगितलात आणि करंगळी व अनामिका एवढ्यांवरच काठी पेलायला लावलीत. दोन्ही हात आतल्या बाजूला वळायचे ते फक्त फटका पोचण्याच्या क्षणी. एरवी मूठ अशी, की कोणी काठी ओढली तर ती सुटू नये, पण हाताला तिचे वजन कळावे. काय आश्चर्य, करंगळी कामाला लागताच काखेखालचा स्नायू जागा झाला आणि खांदे आपोआप खाली उतरले. तोवर मी वर्षभर आरशासमोर उभा राहून खांदे खाली दाबत होतो. दुखणे मुठीत होते आणि उपचार खांद्यावर चालला होता.

उभे राहण्याची चूकही आपण मुठीतूनच दाखवलीत. मी भोसकण्याच्या शेवटाला थांबलो असताना आपण काठीचे टोक दोन बोटांनी माझ्याकडे ढकललेत, आणि मी चक्क मागच्या टाचेवर कलंडलो. मागचा हात कमरेपासून सुटलेला होता, म्हणून धक्का थेट छातीत येत होता. हनमीत, म्हणजे एक पाय पुढे ठेवून तिरपे उभे राहताना, कंबर अर्धवट वळवून मागचा हात तिच्याजवळ ठेवल्यावर तोच धक्का मागच्या पायातून जमिनीत उतरला. पुढचा हात दिशा देतो, ढकलतो तो मागचा, हे त्याआधी मी शंभरदा ऐकले होते.

आपल्या आग्रहामुळेच त्या शरद ऋतूत इवामा या गावी जाऊन आलो. आयकिडोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा १९४२ मध्ये तिथे राहायला गेले आणि शेती व सराव त्यांनी एकत्र चालवला. १९४६ पासून त्यांच्याकडे शिकलेल्या मोरिहिरो साइतो यांनी काठीचे काम शिकवता येईल अशा २० सुबुरींत, म्हणजे एकट्याने करायच्या मूलभूत हालचालींत, बसवले. हे आधी माहीत होते, पण २० पैकी पहिल्या ५ भोसकण्याच्या गटातल्या का ठेवल्या असाव्यात, याचे कोडे मला तिथून परतताना गाडीत उलगडल्यासारखे वाटले: मूठ आणि कंबर एकमेकांना ओळखू लागल्याशिवाय पुढचे काही शिकवण्यात अर्थच नसावा. माझा हा अंदाज चूक असल्यास आपण सांगालच.

एका हाताच्या तीन सुबुरींत, म्हणजे ११ ते १३ मध्ये, माझा उजवा खांदा अजून वर चढतो; विशेषतः बाराव्या तोमा उचीत (लांबून मारायच्या फटक्यात), कारण तिथे सगळी काठी एका टोकाने पेलायची असते आणि तर्जनीला जुनी सवय आठवते. आपण पुढच्या महिन्यात याल तेव्हा तेवढी एक पाहावी, ही विनंती. आपली पांढऱ्या ओकची काठी तेलाने पुसून भिंतीशी आडवी ठेवली आहे, उभी टेकवलेली नाही.

आपला कृतज्ञ,
कोल्हापूरचा लाठीवाला