नानांच्या वहीबद्दल

नाशिक

प्रिय पक्या,

दहा महिने तुझे फोन घेतोय, पावसापाण्याचं बोलतोय आणि मुद्द्याचं एक अक्षर काढत नाहीये. आज सांगूनच टाकतो. नानांची आकाशनिरीक्षणाची वही भिजली.

गेल्या पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलं आणि रात्रीतून आमच्या वाड्याच्या तळघरात शिरलं. माझ्या हातात अर्धा तास होता. मी आधी दुकानाची बिलबुकं वर नेली. वहीची पत्र्याची पेटी राहिली, ती दोन दिवसांनी गाळातून काढली. तू विश्वासानं ठेवायला दिली होतीस, पक्या. माफ कर.

टीपकागद घालून एकेक पान सोडवलं. नानांच्या शाईपेनाचं सगळं धुऊन गेलंय, पानंभर नुसता फिकट निळा डाग. पण आकडे राहिलेत! आठवतं ना, धरणाच्या काठावर बॅटरीला लाल जिलेटीन लावून ते वेळा आणि अंश पेन्सिलीनं टिपायचे आणि घरी आल्यावर सकाळी चहा घेत शाईनं वर्णन लिहायचे. पेन्सिलीला पाण्यानं काही केलं नाही. आता वहीत किती वाजता आणि किती उंचीवर एवढंच आहे. काय दिसलं, कोण बरोबर होतं, ते सगळं गेलं.

त्या रात्री मला आपलं भांडण आठवलं. कृष्णविवरात काहीही टाका, बाहेरच्याला फक्त तीन आकडे कळतात : वस्तुमान, फिरण्याचा वेग, विद्युतभार. भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर म्हणायचा तसं, कृष्णविवराला केस नसतात. (त्यावर तू नानांच्या टकलाकडे बोट दाखवलं होतंस आणि नाना सगळ्यात जास्त हसले होते.) वही जाळली तरी धूर, राख, उजेड सगळं गोळा केलं तर तत्त्वतः अक्षरं परत जुळवता येतात, पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) काही पुसू देत नाही, हे तुझं म्हणणं. मी हॉकिंगच्या बाजूचा. १९७४ साली त्यानं दाखवलं की कृष्णविवरातून प्रारण (रेडिएशन) निघतं. त्यामुळे कृष्णविवर झिजत झिजत संपतं, सूर्याएवढ्याला १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतात. आणि १९७६ साली तो म्हणाला, त्या प्रारणात आत काय पडलं याची खूणच नसते. माहिती कायमची गेली. माहिती टिकते म्हणणाऱ्या प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञाशी त्याची यावर पैज होती. २००४ साली डब्लिनला त्यानं प्रेस्किलपुढे हार मानून बेसबॉलचा कोश दिला, तेव्हा तू माझ्याकडे आपल्या पैजेतले मिसळीचे पैसे मागितलेस. हॉकिंगच्याच बाजूनं पैज लावलेल्या किप थॉर्ननं कुठे मानली हार, असं म्हणून मी दिले नाहीत, आणि दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही.

पक्या, आता मला मनापासून वाटतंय की ती पैज मी हरावी. म्हणून सगळं पुन्हा वाचून काढलं. डॉन पेज या भौतिकशास्त्रज्ञानं १९९३ साली मांडलं की सुरुवातीच्या प्रारणातून जवळजवळ काहीच कळत नाही. साधारण निम्मं बाहेर पडून झालं की मग माहिती यायला लागते. २०१९ पासूनच्या नव्या गणितांतही तेच चित्र निघतं, निदान सैद्धांतिक नमुन्यांत. माहिती येते असं गणित सांगतं, एकेक अक्षर कसं वाचायचं ते अजून सांगता येत नाही. मला हे 'तत्त्वतः' पुरत नाही रे. गंगेनं नानांची शाई नांदूरमध्यमेश्वरापर्यंत नेली असेल, तत्त्वतः तीही नाहीशी झालेली नाही. मी ती वाचू कशी?

मग २००७ चं एक काम सापडलं, हेडन आणि प्रेस्किलचं. त्यांनी कृष्णविवरात चक्क एक डायरीच टाकलीय! ज्याच्याकडे आधीचं जुनं प्रारण साठवलेलं असेल, त्याला नंतर थोडंसंच नवं मिळालं तरी डायरी परत जुळवता येते. एकट्या नव्यातून काही निघत नाही, जुनं हाताशी लागतं. हे वाचलं आणि उठून तुला पत्र लिहायला बसलो. माझ्याकडे आकडे आहेत. जुनं सगळं तुझ्याकडे आहे. दर खेपेला स्कूटरवर नानांच्या मागे तू बसायचास.

माझी शुगर ठीक आहे. तुझं नव्या घराचं काम कुठवर आलं? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आकड्यांच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवतोय. एप्रिल १९८६ पासून सुरू कर, हॅलेच्या धूमकेतूची ती पहाट. त्या पानावर फक्त '४:१०' आहे आणि त्याखाली नानांनी दोनदा रेघ मारलीय. ४ वाजून १० मिनिटांनी काय झालं होतं?

तुझाच,
बाळ्या